मुळाला कुलूप

ओझुर्गेतीला जाणाऱ्या मिनीबसमध्ये
माझ्या मांडीवर साबणाची डबी होती
आणि डबीत कॉम्प्युटर.
पत्त्यांच्या जोडाएवढा. पंखा नाही, घरघर नाही.
त्याची सगळी आठवण नखाएवढ्या कार्डात,
जे कुणीही दोन बोटांनी काढावं,
खिशात टाकावं, शिट्टी वाजवत चालू लागावं.

नेमकं हेच लामझिराला नको होतं.
तिच्या घरावर पाटी नाही.
सात खोल्या, अकरा बायका,
मुलं मोजता येत नाहीत, एका जागी उभी राहत नाहीत.
कोण कधी आली, काय नेसून आली,
कुणाच्या नवऱ्याच्या गाडीचा नंबर काय,
सगळं त्या कार्डात, उघडं,
दोरीवरच्या कपड्यांसारखं.

"एकच फोल्डर झाकू?" मी विचारलं.
"मुळापासून झाक.
कपाटाला कुलूप लावून घर सताड ठेवणाऱ्यांतली मी नाही."

मग आधी सगळं पेनड्राइव्हवर काढलं,
रंगकामाआधी सामान अंगणात काढतात तसं.
यंत्राने विचारलं:
इथलं सगळं कायमचं जाईल. खात्री आहे?
नुसतं हो त्याला चालत नाही,
मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं.
लामझिरा म्हणाली, लग्नातही असंच विचारायला हवं होतं.

या बोर्डाचा जीव तो केवढा!
मोठ्या यंत्रांची कुलपं त्याला पेलत नाहीत,
हलक्या चालीचं कूट निवडलं,
तरी सामान परत आत न्यायला रात्रीचे दोन वाजले.
तोवर आम्ही मक्याची भाकरी आणि चीज खात बसलो.
वरच्या खोलीत कुणाचं तरी बाळ खोकत होतं.

एक लहानसा भाग मात्र उघडाच राहतो.
यंत्राला जागं व्हायला निदान एक पायरी लागते.
तिथे कुणीही येऊन बसावं,
आतला कानोसा लागत नाही.

परवलीचं वाक्य तिचं तिने टाकलं.
मी भिंतीकडे तोंड केलं.
पुन्हा सुरू केलं: चूक.
पुन्हा: चूक.
तिसऱ्यांदा तिच्या ओठावर घाम.
तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.
तिने जॉर्जियन अक्षरांत लिहिलं होतं,
आणि अर्धवट झोपेतल्या त्या यंत्राला
फक्त इंग्रजी कळफलक ठाऊक.
इथली लिपी त्याला पुरती जाग आल्यावरच आठवते.
नशीब, माझी तात्पुरती किल्ली अजून पुसली नव्हती.

तेच वाक्य तिने परक्या अक्षरांत बसवलं,
एकेक अक्षर टेबलावर बोटाने मोजत.
पडद्यावर काही उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही,
अंधारात सुईत दोरा ओवावा तसं.
उघडलं.
मग मी माझी किल्ली पुसली.
विचाराल तर त्या रात्रीचं खरं काम तेवढंच.

जानेवारीत वीज सारखी जायची.
आली की लामझिरा कळफलक काखेत मारून माळ्यावर.
"हे कार्टं दर वेळी मलाच विचारतं, तू कोण?"

मार्चमध्ये एकजण मागच्या खिडकीतून आला,
वायर उपटून डबी घेऊन गेला.
फोन आला तेव्हा माझे हात गार पडले.
पलीकडे चमचा ढवळल्याचा आवाज.
"सगळ्या आहेत. अकराच्या अकरा. उद्या घर बदलतोय."
"आणि नक्कल?"
"पिठाच्या डब्यात. तीही कुलपात."

आत्ता तो कुठल्यातरी स्वयंपाकघरात बसला असेल,
टीव्हीला डबी जोडून,
दुसऱ्याची झाकली मूठ समोर घेऊन.
काळ्या पडद्यावर एकच ओळ,
सगळ्यांना विचारते तशीच, अदबीने.
तो तिचं नाव टाकत असेल.
मग जन्मतारीख, तीही चुकीची.
मग जी शिवी तिला नेहमी द्यायचा, ती.

लामझिराने नवा बोर्ड मागवलाय.
म्हणाली, या वेळी साबणाची डबी नको,
मुलं वास घेत घेत माळ्यावर चढतात.