घंटा देते टोल

बाबा टोल द्यायचे.
मी टोल घेते.
दोन नोकऱ्या, आणि मध्ये एकच शब्द;
की दोन शब्द, चुकून एका आवाजाचे,
ते शिकल्यासवरल्यांनी ठरवावं.

त्यांची घंटा म्हणजे
पाचपावलीच्या शाळेतल्या कडुलिंबाला
तारेनं टांगलेला रुळाचा हातभर तुकडा
आणि अजनीच्या यार्डातून कुणीतरी आणून दिलेला
गंजका बोल्ट.
पितळेची खरी घंटाही होती,
हेडमास्तरांच्या कपाटात, पंधरा ऑगस्टपुरती.
ती फार गोड वाजायची.
गोळीबार चौकापर्यंत ऐकू जायचा तो रूळ.

प्रार्थनेला एक टोल. मग ज्या तासाला जेवढे.
"सुटीची घंटा मोजाची नसते," बाबा म्हणत,
"थे सांडू द्याची असते."
आणि कुणी गेलं तर तीन टोल,
मध्ये इतकं अंतर
की पोरं वहीवरून मान वर करून
पुढच्याची वाट बघत.

निखारे बाई गेल्या तेव्हा
तिसरा टोल त्यांनी दिलाच नाही.
बोल्ट हातात धरून उभे राहिले, म्हणतात.
त्या वर्गातली एकजण मला परवा इतवारीत भेटली.
म्हणाली, असं कसं, तिसरा आम्ही ऐकला होता.

माझा टोल वर्धा रोडवर, लेन नंबर सहा.
काचेची पेटी, गरम वारा फेकणारा पंखा,
नवतप्यात पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा चटका देतं.
फास्टॅग आल्यापासून माझ्या खिडकीशी थांबतात
फक्त ज्यांचं काही वाचलं जात नाही असे :
शिल्लक संपलेले, काच तडकलेले,
आणि कुणाचे तरी भाचे.

पहिल्याच महिन्यात एका भाच्यानं
एसीची थंड हवा माझ्या तोंडावर सोडत म्हटलं,
"घंटा देतो टोल!"

शब्द नवा नव्हता. माझा पोरगाही म्हणतो,
मार्क किती पडले विचारलं की.
पण त्या दुपारी तो टणकन लागला.
चौतीस वर्षं बाबांनी जी बडवली,
जिच्यावर आमची चूल, माझी फी, आईचं ऑपरेशन,
तिचा अर्थ 'काहीच नाही'
कधी झाला,
कुणी केला,
आणि शाळेला कळवलं का नाही?

घरी येऊन सांगितलं.
बाबांचा उजवा कान कधीचाच गेलेला,
रुळाच्या बाजूचा.
डाव्यात ओरडावं लागायचं.
ओरडताना आमची घरची बोली येते तोंडात,
तिथं बाईही देते, बुवाही देते :
"बाबा, थो म्हने, घंटा देते टोल!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं,
पाढा चुकलेल्या पोराकडे पाहावं तसं.
"मंग? घंटाच देते.
दुसरं कोन देईन?"
आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मी पुन्हा समजावलं नाही.

आता रात्रपाळी असते.
दोनच्या सुमाराला कोळशाचे ट्रक येतात चंद्रपूरकडून.
एखादा ड्रायव्हर खाली उतरतो,
लोखंडी सळईनं टायर ठोकून बघतो, हवा आहे का.
रबराचा आवाज मुका असतो.
पण कधी सळई निसटून रिमवर बसते.

एक.

थोडं चालतो. वाकतो.

दोन.

मी पावतीपुस्तकावरून मान वर करते.
तो सळई सीटखाली सरकवतो, तंबाखू मळतो,
वर चढतो.
यंत्राला त्याचा टॅग या वेळी वाचता येतो.
दांडा आपोआप उचलला जातो,
आणि ट्रक गेल्यावरही
मी तशीच, मान वर.