मोजणी

घणसोलीच्या तळघरात, रात्री सव्वादोनला
मी दिवे घालवते.
हिराजी म्हात्रे एसीच्या हिरव्या ठिपक्यावर
काळी चिकटपट्टी लावतो, नखाने घासून बसवतो.
तेवढ्या उजेडानेही डिटेक्टर बावचळतात,
हे त्यानेच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं.

स्फटिकातून कण निघतात जोडीने.
एक जिन्याकडच्या भिंतीला, एक पंपाकडच्या.
मध्ये बारा पावलं.
इकडे शून्य की पंचेचाळीस,
तिकडे साडेबावीस की साडेसदुसष्ट,
हे ठरतं अगदी ऐनवेळी,
या टोकाची खबर त्या टोकाला पोचायच्या आत.
साडेबावीस ऐकलं की हिराजी हसतो :
‘आमचं साडेबारा टक्के अजून भेटायचंय, मॅडम.’

कणांनी निघतानाच उत्तरं पाठ करून घेतली असती
तर बेरीज दोनच्या वर जात नाही.
जाते.
आज दोन पूर्णांक छत्तीस.
म्हणजे काय, तो विचारतो.
म्हणजे, मी चाचपडत सांगते,
स्थानिक वास्तव टिकत नाही.

‘स्थानिक?’
अंधारात त्याचा चेहरा दिसत नाही.
‘ते तर आमाला सत्तर सालीच कललं.
मोजणीवाले आले,
साखलीचं एक टोक बाबाच्याच हातात दिलं.
तानून धर, बोलले.
त्यानं धरलं.’

स्क्रीनवर आकडे चढत राहतात.
एकाच क्षणी दोन्हीकडे टिक् : तो एक धरायचा.
एकीकडेच टिक् : तो सोडायचा.

‘मंग मोजायच्या आधी काय व्हतं?’
हा प्रश्नच विचारता येत नाही, मी म्हणते,
निदान बरेचजण तसं मानतात.
तो थोडा वेळ गप्प.
‘भात व्हता,’ म्हणतो. ‘राता. खाऱ्यात येनारा.
या टेबलाखाली बांध व्हता.’

नोंदवहीत मी तापमान लिहिते, वेळ लिहिते.
शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिल टेकवते
आणि उचलते.

तीनला पाच कमी असताना पंप आपोआप सुरू होतो.
टेबल शहारतं, दोन्ही आलेख कोसळतात,
ही चार-पाच मिनिटं टाकून द्यावी लागणार.
भिंतीच्या बुडाशी ओल चकाकते, की मला वाटतं.
‘उधान हाय आज,’ हिराजी म्हणतो,
आणि दिवा न लावता
बादली शोधू लागतो.