हेडलाइटएवढं वाळवंट

ताटं उचलली की टेबलावर नकाशा येतो.
कोपरखैरण्यात पंखा बंद करून बसावं लागतं त्यासाठी.
कोपऱ्यांवर वजनाला लोणच्याची बरणी,
दादांच्या गोळ्यांचा डबा, टॉर्च,
आणि चौथ्या कोपऱ्यावर दादांचं कोपर.

मी बोट ठेवते : पालनपूर. सांचोर. बाडमेर.
दादा किलोमीटर मानत नाहीत.
‘अहमदाबाद ते सांचोर तीन चहा,’ म्हणतात,
‘चौथा प्यायचा नाही, तिथं पाणी मचूळ.’
ते पाणी अठ्ठ्याऐंशी सालचं आहे.
तरी मी वहीत लिहून घेते : पाणी, मचूळ.

एकवीस वर्षं त्यांनी तुर्भ्याहून
कांदा वर नेला, सफरचंद खाली आणलं.
सोपोरच्या पुढं कधीच गेला नाहीत?
‘पुढं माल नव्हता.’
माल नाही म्हणजे रस्ता नाही,
इतका सरळ हिशेब.

रजा मागितली बावीस दिवसांची,
लॅबच्या मॅडमनी सही केली अठरावर.
चार दिवस कापायचे कुठून?
लेहला रात्री वाढवायला हव्यात, हवा विरळ,
दादांचं सत्तरावं सरलेलं.
मी पेन्सिल घेऊन जैसलमेरवर फुली मारणार
तर त्यांनी मनगट धरलं.
‘ते राहू दे.’
‘पण तुम्ही पाहिलंय ना?’
‘पाहिलंय. हेडलाइटएवढं.’

दिवसा टायर तापायचे, म्हणून सगळं रात्रीच ओलांडलं.
पुढ्यात वीस पावलं पिवळी वाळू,
ती सरायची, पुन्हा तेवढीच यायची.
एकदा उंटाचे डोळे.
बाकीचं तिथंच कडेला असेल, म्हणाले,
आपण काही उतरून बघितलं नाही.

फुली मग अमृतसरवर पडली, आणि चंदीगडच्या आतेसासूबाईंवर.
त्यांना फोन कुणी करायचा हे अजून ठरलेलं नाही.

गाडी सेकंडहँड, राखाडी.
तुर्भे नाक्याच्या इद्रिसनं बॉनेटमध्ये मान घालून सांगितलं,
‘चढेल, ताई. फक्त हिला घाई आवडत नाही.’
पट्टा नवा, क्लच केबल जादा, पंक्चरचं सामान,
आणि त्यानं स्वतःहून ठेवलेला एक जाड दगड,
चढावर चाकाखाली लावायला.
दगड तिकडं मिळणार नाहीत का, हे मी विचारलं नाही.

रविवारी पहाटे पाम बीच रोडवर रंगीत तालीम.
पाण्याचे दोन कॅन, आणि सामानाच्या जागी
तांदळाचं पोतं, जुनी गादी, मिक्सर.
खाडीकडून चिखलाचा वास. रस्ता सपाट, सरळ,
बेलापूरपर्यंत दादा कंटाळून गेले.
‘ह्यात घाट कुठाय?’

काल रात्री झोप येईना त्यांना.
खाली पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसलो, इंजिन बंद.
दादा डावीकडं. एका डोळ्यात मोतीबिंदू,
दुसऱ्याला फक्त उजेड कळतो.
मी वही वाचत राहिले : सोनमर्ग सुटलं.
आता चढ. डावं वळण. रस्ता कच्चा.
दरी तुमच्या बाजूला.

तेव्हा दिसलं, त्यांची चप्पल
पायाखालच्या मॅटवर दाबली जातेय,
वळणागणिक,
जिथं ब्रेक नाही तिथं.

समोरून वॉचमन टॉर्च हलवत आला.
दादा ताठ झाले.
‘डिपर दे. गाडी येतेय.’
मी दिला.
आणि वॉचमन खरंच
कडेला सरून थांबला.