बिगी

खासबागेत जिथं चार पॉवरलूम होते
तिथं आता एकच सांगाडा. बारा फुटी,
उद्यमबागच्या लेथवाल्यानं पाईप कापून दिलेला,
तीन रूळ, टोकाला दात्यांचं चाक,
चाकावर लोखंडी कुत्रं.
जुन्या मागांच्या पायांचे तेलकट चौकोन
अजून आहेत फरशीवर.
मी त्यांच्यावरूनच चालते.

निलव्वा सुळेभावीहून आली तेव्हा आधी हेच दाखवलं:
अस्तराचा काठ सरळ आहे का बघ,
नसला तर दोरा ओढून फाड, कात्रीवर भरवसा नको.
मध्याला खूण कर, मध्यापासून टाचण्या,
एक डावीकडं, एक उजवीकडं.
पंगत वाढल्यागत एका टोकाकडून निघालीस
तर शेवटच्या पानाला कमी पडतं.
कापूस ओढायचा नाही, नुसता ठेवायचा,
सांडलेलं पीठ गोळा करतो
त्याच्या अगदी उलट हात.

आणि ताण?
ताण खालून बघायचा.
अस्तराखालून बोट वर ढकल.
वरच्या हाताच्या चिमटीत
तेच बोट कापडासकट धरता आलं, की झालं.
नाही आलं तर ढोलकं झालंय,
एक दात सोड.

माझा नवरा हे ऐकून हसतो.
त्याचा जन्म तंग ताण्यासमोर गेला,
ढिला धागा म्हणजे कापलेली मजुरी.
त्याला म्हणते, ते विणणं होतं.
हे निजणं आहे.

मग कोकितकर कंडक्टरांची वाकळ आली.
चंदगड गाडीवर तीस वर्षं,
मुलीनं अकरा खाकी शर्ट आणून टाकले,
म्हणाली, खिसे तसेच ठेवा.
एका खिशाच्या कोपऱ्यात
धुऊन धुऊन लगदा झालेलं तिकीट होतं,
तेही तसंच ठेवलं.

गुरुवारी द्यायची होती. बुधवारी दुपारी
वीज जायच्या बेतात,
हेस्कॉमचा स्वभाव आम्हाला ठाऊक.
मी दारातूनच ओरडले,
'निलव्वा, बिगीबिगी!'
'हां अक्का,' ती म्हणाली,
आणि चाक बोललं: कट. कट.
मला वाटलं, पोरीनं काम उरकायला घेतलं.
'अगं बिगीबिगी की!'
कट.

संध्याकाळी रुळावरून वाकळ सोडली
तर ती आखडून गोळा झाली,
नऊ ओळींच्या नऊ वळ्या,
आणि अकरा खिसे आ वासून,
सुट्टे मागत असल्यागत.

निलव्वा रडली नाही.
'तुम्हीच म्हटलं की, बिगी.
कितीबी आवळलं तरी तुम्हाला पुरेना,
मी काय करू?'

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.
तिच्या घरी बिगी म्हणजे घट्ट.
आमच्या घरी बिगी म्हणजे लवकर.
सहा महिने एकाच डब्यातलं खात होतो
आणि हे माहीत नव्हतं.
आधी ती हसली की मी, आता आठवत नाही.
रात्री दोनपर्यंत उसवत बसलो,
माझा नवरा टाक्यांचे तुकडे वेचत होता,
काही बोलला नाही, त्याचं मला बरं वाटलं.

शुक्रवारी कोकितकर स्वतःच आले.
तिला विचारलं, 'कौदी आयतेनवा?'
माझ्याकडं वळून, 'वाकळ झाली काय?'
दोन्हीकडं सारखाच आवाज,
पुढं सरका म्हणणारा.
वाकळीवर हात फिरवत फिरवत
त्यांनी डाव्या वरच्या खिशात बोटं घातली,
सवयीनं,
आणि जरा वेळ काढलीच नाहीत.

आता मी लवकर म्हणते,
ती घट्ट म्हणते,
त्या शब्दाला शेडमध्ये कामच ठेवलं नाही.
शटर ओढण्याआधी मात्र
रुळावर जी कुणाची वाकळ असेल
तिचं कुत्रं उचलायचं, दोन दात मागं.
रात्रभर ताणात ठेवायची नसते.
कापडाला थोडं पोट सुटतं.
'साकु,' निलव्वा म्हणते.
हे मात्र मला पहिल्या दिवसापासून कळतं.