मंगळवारची भूक

बुधवारी, भोजनालयाचं शटर वर जायच्या आधी,
मी फ्रिजच्या दारातून पेन काढते.
अंड्यांच्या शेजारी असतं ते, डब्यात.
डब्यावर लिहिलंय : हात लावू नये.
पोटाची घडी चिमटीत धरायची, टोचायचं,
सहापर्यंत मोजायचं.
तव्यानं भाजलेल्या हातांना सुईचं काय!

धंतोलीच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरला.
म्हणाला, ताई, एकशे सात किलो
हे दोन खिळे किती दिवस पेलणार?
फाईलवर नाव घातलं, कुंदा निनावे, वय बावन्न.
कामधंदा विचारला. सांगितला. हसला.
गोळीबार चौकात माझ्याच हातचं
दोनदा खाऊन गेला होता म्हणे.

आता ब्याण्णव.
ब्लाउज दोनदा आत घेतले.
गल्लीतल्या बाया विचारतात,
"काऊन वं, साखर झाली का तुले?"
"नाही वं, चालतो ना मी पहाटे, गांधीसागरले."
चालते, खोटं नाही.
पण जेवू घालणाऱ्या बाईनं
पैसे मोजून भूक घालवली,
आणि तीही हप्त्याहप्त्यानं,
हे कोणाला सांगायचं?

आवाजच जाईल, हे डॉक्टर बोलला नव्हता.
चाळीस वर्षं ती कानाशी लागलेली :
खरवड खा, पोट्ट्यानं टाकलेली अर्धी भाकर खा,
नळी चोख, उभ्यानं खा,
कोणी पाहत नाही तोवर खा.
आता स्वयंपाकघर इतकं गप्प
की जवसाचं तेल तापलेलं ऐकू येतं.

रस्सा जिभेवर ठेवते.
मीठ कळतं, तिखट कळतं,
"आणखी" म्हणणारं आत कोणी नाही.
गेल्या महिन्यात खसखस दोनदा जास्त पडली.
जुन्या गिऱ्हाइकानं ताट नुसतं सरकवलं,
बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून वाटी देवकापुढे धरते.
भांड्यांना येते ती, उमरेडकडची,
एकोणीस वर्षांची, काडी,
कधीही विचारा, भुकेलीच.
डोळे मिटून चाखते, म्हणते,
"धने थोडे जास्त झाले, मावशी."
बरोबर असतं तिचं.
मला ते आवडत नाही.

मंगळवारी मटण कमी जातं, पाटोडीच जास्त,
आणि औषधही तोवर पातळ होत असावं.
दुपारी शेवटचं गिऱ्हाईक उठतं, कूलर बंद होतो,
तेव्हा मागच्या दाराशी ती येते,
बिचकत,
इथं कधीतरी मार खाल्लेल्या मांजरासारखी.
मी हाकलत नाही.
खाली बसते. गुडघे बसू देतात आता.
चतकोर भाकर, पाटोडीचा रस्सा, फोडलेला कांदा.
देवका ओल्या हातांनी दारात उभी.
"कसा झाला, मावशी?"
"थांब न बाप्पा,
खाऊ तर दे."