उजवं दार

बाल्दोमेरोने खिशातून लोहचुंबक काढला,
फ्रीजवर लावतात तसला, वर अननसाचं चित्र,
आणि गाडीच्या अंगावरून फिरवू लागला,
डॉक्टर पोट चाचपतात तसा.

बॉनेटला चिकटला. छपराला चिकटला.
उजव्या दारावरून टपकन खाली पडला.
"इथं पत्रा नाही, नेलिदा. पुट्टी आहे,
बोटभर जाड. कुणीतरी फार निगुतीनं भरलीय."

एकाहत्तर सालची प्यूजो, माझ्या भावाची.
ओस्वाल्दो गेल्यापासून अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये.
रोचात वारा समुद्रावरून येतो, येताना मीठ आणतो;
पाय ठेवायच्या जागेतून आता
खाली फिरणारी कोंबडीची पिल्लं दिसतात.

बेकरीच्या तेलकट पिशवीवर त्याने हिशेब मांडला:
तळ, ब्रेक, रेडिएटर, दार, रंग.
दोन लाख ऐंशी हजार पेसो.
विकायची म्हटली तर साठ हजार,
तेही गिऱ्हाईक पिऊन आलं तर.
कोंबडीपेक्षा मसाला महाग, हे मलाही कळतं;
चौतीस वर्षं मी शाळेत वजाबाकी शिकवली.

पण मी दाराकडेच बघत होते.
मी कायम त्याच बाजूला बसायचे.
एकदा, हिवाळ्यात, तीन महिने तो सायकलवर आला.
पेट्रोल परवडत नाही, म्हणाला.
आईनं त्याला हातमोजे विणून दिले.
नंतर गाडी आली, तशीच, तोच राखाडी रंग,
फक्त दार जरा जोरात ओढावं लागायचं.

"कशाला धडकला असेल?"
बाल्दोमेरोने खांदे उडवले.
"खरवडलं की कळेल. खांबाचा पोचा वेगळा,
जनावराचा वेगळा."
तिसरं काही तो बोलला नाही.
हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

शेडच्या पत्र्यावर वारा आपटत होता.
मी पेन्सिल मागितली,
पिशवीवरचा रंग खोडला, दार खोडलं.
"तळ कर. ब्रेक कर. रेडिएटर कर.
बाजाराला जाऊन आले म्हणजे झालं."
"एक लाख चाळीस," तो म्हणाला. "तरीही तोटाच."
"असू दे."

"आणि दार?"
"जोरात ओढायची सवय आहे मला."

त्याने वाकून चुंबक उचलला, खिशात टाकला.
आत किल्ल्या असाव्यात.
एकदा खट् वाजलं.