दुतोंड्या, साठ रुपये

अशोकस्तंभाच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर
मी गावाच्या घड्या पाडते.
जाड कार्डशीट, पट्टी, शाई संपलेलं बॉलपेन.
सलग रेघ म्हणजे काप, तुटक म्हणजे दुमड,
राखाडी कानाला डिंक.
नारोशंकराची घंटा पंचेचाळीस,
दुतोंड्या मारुती साठ,
तोंडं दोन, म्हणून.

शनिवारी गंगापूर रोडला टेबल मांडते.
लोक पाकीट उचलतात, कानाशी हलवतात,
"आत नुसता कागदच की हो."
आहेच.

गायधनींचा निमिष मात्र परत आला,
पिशवीत लगदा घेऊन.
"काकू, परातीत पूर आणला.
गुडघ्यापर्यंत ठीक होतं,
कमरेला पाणी लागलं आणि मारुती बसला."
बसला म्हणाला. पडला नाही.

अरे, तो नुसता बघायचा असतो.
"मग पाणी किती चढलं ते कसं कळणार?"

अकरा वर्षं कोपरे जुळवतेय,
सतरा नंबरचा कान सतराच्याच खाचेत,
केसभर इकडचं तिकडे नाही,
आणि एवढं सुचलं नव्हतं
की गोदेकाठच्या पोराच्या हाती मारुती दिला
तर ते आधी पाणी शोधणार.

रात्री मेणबत्ती घासून
एक उभा केला न्हाणीतल्या बादलीत.
गळ्यापर्यंत टिकला.
मी दिवा न घालवता बसून राहिले.

नव्या छपाईत सूचना बारावी:
पुराआधी मेण लावा.

निमिषला पाकीट फुकट दिलं.
पाच रुपये ठेवून गेला,
मेणाचे.